हात धुतल्यानंतर

लातूरच्या दवाखान्यातल्या सिस्टरांनी मला हे लिहायला सांगितलं. म्हणाल्या, "मावशी, तुमचं अक्षर चांगलं आहे. नव्या पेशंटना वाचायला देऊ. धीर येईल असं लिहा." मी हो म्हणून आले आणि वहीचं पहिलं पान तीन दिवस कोरंच राहिलं. धीर येईल असं माझ्याकडे फार नाही. जे आहे ते लिहिते. त्यातून धीर आला तर घ्या, नाही आला तर माझ्यावर रागावू नका.

माझं नाव मंगल, वय बावन्न. परळी वैजनाथला देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं भांड्यांचं दुकान आहे. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही, पण 'हे' आणि 'यांनी' करत बसले तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल. म्हणून हात जोडून लिहिते : काशिनाथ. लग्नाच्या भांड्यांवर नाव घालून देण्यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नाही. मशीन कितीही थरथरलं तरी अक्षर हलत नाही. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. मुलगी लग्न होऊन पुण्याला असते.

दोन कप चहा

पायाला सूज येत होती ती मी वर्षभर अंगावर काढली. गुडघे दुखायचे म्हणून मेडिकलवरून गोळ्या आणून खायचे, कुणाला न विचारता, शेंगदाण्यासारख्या. पायातली जोडवी रुतायला लागली तेव्हा साबण लावून काढून ठेवली. उलट्या सुरू झाल्या तेव्हा पित्त म्हटलं. आपल्याकडे बायकांचं सगळं दुखणं पित्तात बसवता येतं.

लातूरला डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि आधी विचारलं, "सोबत कोण आहे?" काशिनाथ चहा आणायला गेले होते. मी म्हणाले, "मला सांगा, मी खंबीर आहे." ते माझं खोटं होतं. त्यांनी सांगितलं, दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, आता परत येणार नाहीत. मी त्यांच्या टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत बसले. कुठली एकादशी कधी आहे ते सगळं वाचून काढलं.

काशिनाथ दोन कप घेऊन आले. मी सांगितलं. त्यांनी उभ्याउभ्या आपला चहा पिऊन टाकला, मग माझाही पिऊन टाकला आणि रिकामे कप हातात धरून म्हणाले, "मंगल, तुझा च्या राह्यला की."

उरलेला एक रस्ता

आधी रक्ताचं डायलिसिस केलं. त्यासाठी, सुया टोचता याव्यात म्हणून, हाताची शीर धमनीला जोडतात. माझी दोनदा जोडली, दोन्ही वेळा बंद पडली. गळ्यात नळी घालून चालवलं तर मशीनवर बीपी इतकं खाली जायचं की मी शुद्धीत नसायचे. हृदय कमजोर निघालं. किडनी बदलायचं विचारलं तर हृदयाच्या डॉक्टरांनी मान हलवली, एवढं ऑपरेशन हिला झेपणार नाही. मुलगी स्वतःची किडनी द्यायला तयार होती. तिला नाही म्हणायची वेळ माझ्यावर आली नाही, एवढंच बरं झालं.

मग राहिलं पोटाचं डायलिसिस. बेंबीशेजारी एक मऊ नळी कायमची बसवतात. रात्री मशीन त्या नळीतून पोटात पाणी सोडतं, काही वेळ ठेवतं, मग काढून घेतं, पुन्हा नवं सोडतं. पोटातल्या पडद्यातून अंगातली घाण त्या पाण्यात उतरते. हे घरी झोपेत होतं, दिवस मोकळा मिळतो. डॉक्टर चांगला माणूस होता, त्याने लपवलं नाही. म्हणाला, "मावशी, हा पडदा सांभाळा. हा रस्ता बंद झाला तर माझ्याकडे दुसरा नाही."

पडदा कशाने खराब होतो? इन्फेक्शनने. इन्फेक्शन कुठून येतं? हातातून. म्हणून आठ दिवस आम्हाला हातच धुवायला शिकवले. अंगठे, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट, सगळं घड्याळ लावून. तोंडाला मास्क, पंखा बंद, दार बंद. नळीचं टोक उघडून मशीनच्या नळीला जोडेपर्यंत ते कशालाही लागता कामा नये. माझे हात कापायचे, म्हणून जोडायचं काम काशिनाथांनी शिकून घेतलं. सिस्टर म्हणाल्या, "काका, तुमच्यासारखा हात आमच्या नर्सचा पण नाही." घरी येईपर्यंत हे वाक्य त्यांनी मला चार वेळा ऐकवलं.

घर

मागच्या खोलीतून भांड्यांची पोती निघाली आणि औषधी पाण्याचे खोके छतापर्यंत लागले. खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या, कारण आमच्या गावात थर्मलची, म्हणजे वीज केंद्राची, राख कुठूनही येते. सकाळी पुसलेल्या फळीवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. सासूबाई दिवसातून दोनदा ओल्या फडक्याने ती खोली पुसायच्या. वय अठ्ठ्याहत्तर, कंबर वाकलेली, पण दुसऱ्या कुणाला फडक्याला हात लावू देत नव्हत्या. मला म्हणायच्या, "तू गप पडून राह्य. लई शानपना करू नको."

छतावरून थर्मलची धुराडी दिसतात, तरी वीज जायची ती जायचीच. वीज गेली की मशीन कुत्र्याच्या पिलासारखं केकाटायचं. काशिनाथांनी दुकानातला इन्व्हर्टर घरी आणला आणि दुकानात हातपंखा ठेवला.

पहिले दिवस वाईट गेले. पाणी शेवटी ओढून घेताना आत कुणीतरी चिमटा काढावा तसं दुखतं. कुशीवर वळलं की नळी दबते आणि मशीन ओरडतं. नळी जेवढी लांब तेवढंच माझं अंगण, खाटेपासून मोरीपर्यंत. रात्रीचं पाहुणपण बंद झालं. बहिणीच्या नातवाच्या बारशाला गेले आणि जेवणाआधीच परत निघाले, तेव्हा गाडीत खूप रडले. लोक म्हणतात सवय होते. मला झाली नाही. न होऊनही माणूस करत राहतो, एवढंच मी सांगू शकते.

चांगलंही होतं. दोन आठवड्यांत पायाची सूज उतरली, घोट्याचं हाड दिसायला लागलं. जोडवी पुन्हा बोटात गेली. त्या दिवशी मी दुपारी दुकानात गल्ल्यावर जाऊन बसले आणि सिरसाळ्याच्या एका बाईला घासाघीस करून पातेलं विकलं. काशिनाथ आतून ओरडले, "बाई, हिच्या नादी लागू नका, ही नफा सोडत न्हाई!"

पेपर

रोज सकाळी मशीनमधून निघालेल्या पाण्याची पिशवी तपासायची असते. पाणी स्वच्छ असलं तर त्यातून छापील अक्षर वाचता येतं. गढूळ असलं तर इन्फेक्शन. काशिनाथ पिशवीमागे पेपर धरायचे आणि मोठ्याने वाचायचे. माझ्या पोटातून निघालेल्या पाण्यातून मी निवडणुका ऐकल्या, कापसाचा भाव ऐकला, हरवल्याच्या जाहिराती ऐकल्या. सासूबाई दारातून विचारायच्या, "काय म्हनतोय पेपर?" ते म्हणायचे, "मंगल बरी हाय म्हनतोय."

आठ महिने असे गेले. एका सकाळी ते वाचेनात. मला वाटलं चष्मा विसरले. चष्मा डोळ्यांवर होता. पेपर त्यांनी जवळ नेला, लांब नेला, मग घडी घालून बाजूला ठेवला. माझं पोट पहाटेपासून दुखत होतं आणि मी ते कुणाला बोलले नव्हते.

सिस्टरांनी दाखवा म्हटलं

लातूरला अडीच आठवडे काढले. पोटाच्या पाण्यातच औषध सोडतात. ताप, उलट्या आणि हात लावता येणार नाही असं पोट. त्याहून वाईट होता तो प्रश्न, जो येणारा प्रत्येक जण विचारत होता : "कुठे चुकलं?" काशिनाथ प्रत्येकाला सांगत होते, "सगळं सांगितल्यावानी करतो. हात धुतो, मास्क लावतो, पंखा बंद करतो. कावून झालं काय कळंना."

शेवटी सिस्टर म्हणाल्या, "काका, घरी करता तसं करून दाखवा." तिथेच बेसिनवर त्यांनी हात धुतले. एकही बोट चुकलं नाही. हात कोरडे केले, कोपर अंगापासून दूर धरून खाटेपाशी आले. आणि मग त्यांचा उजवा हात वर गेला, सदऱ्यावरून छातीला लागला, कपाळाला लागला आणि तिथून सरळ नळीकडे आला.

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. "आता काय केलंत तुम्ही?"

"काय केलं?"

"छातीला हात लावला."

"म्या? न्हाई हो."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही लिंगायत. जन्मल्यावर आमच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात. छोट्या चांदीच्या डबीत, शिवदोऱ्यात ओवलेलं. ते मरेपर्यंत अंगावर असतं आणि मातीत आमच्यासोबतच जातं. कुठलंही काम सुरू करायच्या आधी माणसाचा हात तिकडे जातो. दुकानाचं कुलूप काढताना, पहिल्या भांड्यावर नाव घालताना, गाडी चालू करताना. काशिनाथांना तो हात ठाऊकच नव्हता. श्वास घेतल्यासारखा तो आपोआप जात होता.

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मंगल, गेलता का हात?"

गेला होता. रोज गेला होता. आठ महिने रोज संध्याकाळी मी खाटेवर पडून तो हात छातीला आणि कपाळाला लागताना बघितला होता. खरं सांगायचं तर तो बघितला की मला बरं वाटायचं. देव मध्ये घेऊन मला जोडतायत, आता काही होणार नाही, असं वाटायचं. माझ्याही गळ्यात तशीच डबी आहे. मलाही ती चूक दिसली नाही.

डॉक्टर म्हणाले, त्यानेच झालं असेल असं सांगता येत नाही, दहा कारणं असतात. काशिनाथांनी पुढची नऊ ऐकलीच नाहीत.  ज्या हाताचं आठ दिवस कौतुक झालं होतं तो हात परतीच्या रस्त्यात ते मांडीखाली दाबून बसले होते.

सासूबाईंच्या ओंजळीत

सिस्टरांनी उपाय सांगितला होता : आधी देवाला हात लावा, मग धुवा. सोपा होता. पण डबी गळ्यात असली की धुतल्यावरही हात जायचाच. पहिल्या संध्याकाळी तीनदा गेला, तीनदा पुन्हा धुतले. चौथ्या वेळी त्यांनी शिवदोरा डोक्यावरून काढला आणि डबी खुंटीला टांगली. तेवढ्यात फडकं घेऊन सासूबाई दारात आल्या.

"काशा, गळा रिकामा कावून रे?"

त्यांनी सांगितलं. सासूबाई खुंटीकडे बघत राहिल्या. त्या रात्री जेवल्या नाहीत. मी नळीला बांधलेली, उठून त्यांची समजूतही काढता येईना. घरातला देव माझ्यामुळे खुंटीवर गेला, हे मला त्या इन्फेक्शनपेक्षा जास्त लागलं. मेले असते तर बरं झालं असतं, असं त्या रात्री पहिल्यांदा वाटलं. लपवत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी सासूबाई धुतलेलं लुगडं नेसून दाराबाहेर पाटावर येऊन बसल्या आणि ओंजळ पुढे केली. "देवाला खुंटीला न्हाई टांगायचं. माझ्याकडं दे. तुझं व्हईस्तोर मी धरते."

तेव्हापासून तसंच चाललं. ते डबी त्यांच्या ओंजळीत ठेवायचे, हात धुवायचे, आत येऊन मला जोडायचे. सासूबाई बाहेर हलायच्या नाहीत, खोकला आला तरी दाबून धरायच्या. ते बाहेर गेले की स्वतःच्या हाताने त्यांच्या गळ्यात घालायच्या. पेपर पुन्हा वाचता येऊ लागला, पण ते आता मनात वाचायचे आणि नुसतं "ठीक हाय" म्हणायचे.

दुसऱ्यांदा

पाच महिन्यांनी पाणी पुन्हा गढूळ आलं. या वेळी डबी गळ्यात नव्हती, हात कुठे गेला नव्हता, खोलीत राखेचा कण नव्हता. दवाखान्यात तापात मी काशिनाथांना म्हणाले, "बघा, तुमच्या हातानं नव्हतंच झालं." मला आनंद झाला होता. आजारात माणसाला कशाकशाचा आनंद होतो! ते म्हणाले, "तवा तरी झालंच असंल." त्यांना निर्दोष सुटायचं नव्हतं. दोष असला की सुधारता येतो, नसला तर काय करायचं, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं.

इन्फेक्शन गेलं, पण पडदा दमला. मशीनवर सकाळी आकडा येतो, रात्रीत अंगातलं किती पाणी जास्तीचं निघालं त्याचा. तो उतरत चालला. पाण्याची ताकद वाढवली, मशीनची वेळ वाढवली. आकडा थोडा चढला आणि पुन्हा बसला. पाय सुजले. जोडवी मी परत साबण लावून काढली आणि या वेळी मुलीसाठी म्हणून कपाटात ठेवली. आता सपाट झोपलं की दम लागतो, म्हणून तीन उशा लावून बसल्याबसल्या झोपते.

गेल्या खेपेला डॉक्टरांनी "सोबत कोण आहे" विचारलं नाही. दोघंही समोर होतो. म्हणाले, "चालेल तोवर चालवू." मी विचारलं, "मग?" त्यांनी पेनाचं टोपण लावलं. दार उघडून द्यायला सिस्टर आमच्यासोबत आल्या आणि तेव्हाच त्यांनी मला हे लिहायला सांगितलं.

तर नव्या पेशंटनो, हात धुतल्यावर कशालाही हात लावू नका, देवालासुद्धा. दुखलं तर त्याच दिवशी बोला, माझ्यासारखं पहाटेपासून दाबून ठेवू नका. कुणाचा पडदा खूप वर्षं चालतो, सिस्टरांनी मला तशी माणसं दाखवलीत. तुमचा चालू दे. मी सगळं सांभाळलं आणि माझा चालला नाही. दोन्ही खरं आहे.

परवा

परवा दुपारी मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, आज डबी घेऊ नका. राहू द्या त्यांच्या गळ्यात. आता काय फरक पडनार हाय?"  संध्याकाळी त्या नेहमीच्या वेळी पाटावर जाऊन बसल्या, हात पदराखाली घेऊन.

काशिनाथांनी पंखा बंद केला, मास्क लावला, दारात गेले. सासूबाईंनी ओंजळ केली नाही.

"माय, धर की."

"राहू दे आज गळ्यात. मंगलच म्हनली."

ते माझ्याकडे वळले. मी म्हणाले, "घालूनच जोडा. देवाला हात लावा, मग मला. तुमी लावायचे तवा मला लई बरं वाटायचं."

"आन् पुन्हा पानी गढूळ आलं म्हंजे?"

"आलं तर आलं."

मास्कवर नुसते डोळे दिसत होते. हात अर्धा वर आला होता. मला वाटलं, ऐकतील. एवढं एक माझं ऐकतील.

"आलं तर आलं न्हाई," ते म्हणाले. "माय, हात पुढं कर."

सासूबाईंनी पदराखालून दोन्ही हात काढले. काशिनाथांनी शिवदोरा डोक्यावरून काढून डबी त्यांच्या ओंजळीत ठेवली आणि मोरीत गेले. नळ सुटला. हात धुवायचा वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात मोजते, पहिल्या दिवसापासूनची सवय आहे. काटा ठरलेल्या जागी आला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं. काटा त्या जागेवरून पुढे गेला, आणखी पुढे गेला, आणि ते अजून हात धुतच होते.